वेष्टनाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

(मंडळाच्या मासिक बैठकीत भालकी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर. बैठकीस येऊ न शकलेल्या सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



आजच्या बैठकीत बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा आम्ही विचारले, विषय कोणता? उत्तर मिळाले, "तुम्ही बँकवाले, पैशाचे काहीतरी बोला." आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, वीस वर्षांहून अधिक काळ बँकेच्या काउंटरमागे बसलेले कारकून. आम्हाला जमा आणि नावे याखेरीज फारसे काही कळत नाही. म्हणून आज जमा-खर्चाचाच विषय घेतो आहोत. फक्त ज्या वस्तूचा हिशेब मांडायचा आहे ती तुम्ही-आम्ही रोज हातात घेतो आणि रोज फेकतो. ती म्हणजे मालाचे वेष्टन. पुडा, पुडी, पाकीट, पिशवी, बाटली, खोका, आणि आपल्या भाषेतली पन्नी.

या मंडळाच्या व्यासपीठावर कचऱ्याचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण पुरसभेच्या कराचा पैसा, शेतातली काळी माती, गावातल्या बायांच्या हाताला काम आणि पाकिटावर कोणत्या भाषेत काय लिहावे हे ठरवणारे कायदे, हे सारे राजकारणच आहे.

कॉलेजातला विसरलेला धडा

बी.कॉम.ला असताना हिशेबशास्त्रात परत येणाऱ्या पिंपा-खोक्यांच्या हिशेबाचे एक प्रकरण होते. परीक्षेत हमखास प्रश्न यायचा आणि आम्ही तो हमखास चुकवायचो. त्यातली रीत अशी. व्यापारी गिऱ्हाइकाला माल पाठवतो आणि पिंपाची किंमत वेगळी लावतो. पिंप मुदतीत परत आले की ती रक्कम गिऱ्हाइकाच्या खाती जमा. परत आले नाही तर रक्कम व्यापाऱ्याची. गोदामात किती पिंपे, गिऱ्हाइकांकडे किती, फुटली किती, याचा स्वतंत्र साठा-हिशेब ठेवायचा. वेष्टनाला असा खतावणीत मान होता, कारण ते परत येणार हे गृहीत होते.

आपल्या लहानपणी हाच धडा गल्लीतल्या दुकानात चालत होता. थंड पेयाची काचेची बाटली दुकानासमोरच उभे राहून प्यायची आणि परत करायची. घरी न्यायची तर रिकामी बाटली आधी द्यायची. गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा संपला की त्यात ज्वारी भरली जायची, गंजला की त्याचा पत्रा न्हाणीच्या दाराला लागायचा. बाजारात भाजी येई ती तुराट्यांच्या नाहीतर बांबूच्या टोपलीत. धान्याच्या बारदानाला तर अडतीवर आजही वेगळा भाव आहे. युरियाचे पोते रिकामे झाले की चार पोती उसवून खळ्यावर अंथरायला ताडपत्री होते, आणि पावसात डोक्यावर घ्यायला खोळ होते.

आणि आजही आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात या धड्याचे जिवंत उदाहरण उभे आहे. गॅसची टाकी. टाकीसाठी आपण अनामत भरलेली असते. भरलेली येते, रिकामी जाते. कोणी रिकामी टाकी गटारात फेकली असे तुम्ही कधी पाहिले आहे काय? पाण्याचा वीस लिटरचा जार घ्या, दूध संकलन केंद्राचा कॅन घ्या. जिथे अनामत आहे तिथे कचरा नाही. म्हणजे माणसे घाणेरडी आहेत हे निदान अपुरे आहे. हिशेबाची रीत बदलली, म्हणून रस्ता बदलला.

आमच्या घरचा एका महिन्याचा ताळेबंद

लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असे होऊ नये म्हणून गेल्या महिन्यात आम्ही एक प्रयोग केला. घरात पाच माणसे. महिनाभर एकही वेष्टन बाहेर टाकायचे नाही, धुऊन, वाळवून अंगणातल्या पोत्यात ठेवायचे. घरातून विरोध झाला, तो आपण समजू शकता. महिनाअखेर दोन पोती गच्च भरली. आमच्या गल्लीत हातगाडा घेऊन भंगारवाले चाचा येतात. त्यांच्यापुढे पोती ओतली आणि म्हटले, जे घ्यायचे ते घ्या, जे नाही ते बाजूला करा.

पुठ्ठ्याचे खोके घेतले. पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या घेतल्या. शाम्पूची जाड बाटली, तुपाचा डबा, औषधाच्या काचेच्या बाटल्या घेतल्या. दुधाच्या पिशव्या धुतलेल्या होत्या म्हणून घेतल्या. "रोज अशा ठेवा, पण कोपरा तोडून टाकू नका," असेही सांगितले. तो कापलेला चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो.

आणि बाजूला काय पडले? वेफर-कुरकुऱ्यांची चमकदार पाकिटे. बिस्किटांचे पुडे. मसाल्याच्या, चहाच्या, शाम्पूच्या पुड्या. तेलाच्या तेलकट पिशव्या. गोळ्यांची चांदीची पाने. चहाचे कागदी कप. चाचा म्हणाले, "इसका कोई लेवाल नहीं, साहब." वजनाला हा ढीग हलका, पण एक अख्खे पोते त्याचेच होते. आम्ही बँकवाले ज्याला वसूल न होणारे कर्ज म्हणतो, ते हे.

लेवाल का नाही?

यामागचे कारण साधे आहे. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. वितळवली की पुन्हा दाणे होतात. पाण्याची बाटली दुसऱ्या जातीची, पण तीही निर्भेळ. तिचा धागा निघतो, त्याचे कापड होते. चमकदार पाकिटात मात्र दोन-तीन थर एकमेकांना चिकटवलेले असतात. बाहेर छपाईचा थर, मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा, आत सील होणारा थर. पॉलिथिन साधारण ११० ते १३० अंशांच्या आसपास वितळते, बाटलीच्या जातीच्या प्लास्टिकला २५० अंशांच्या वर तापवावे लागते. एक वितळेपर्यंत दुसरे जळून जाते. थर वेगळे करायचे तर खर्च मालापेक्षा जास्त. खिचडीतून तांदूळ आणि डाळ पुन्हा वेगळी काढा म्हटले तर कोण काढील?

पण कंपन्यांना नुसते दोष देऊनही चालणार नाही. ते थर उगाच घातलेले नाहीत. ओल, हवा आणि उजेड आत जाऊ नये म्हणून ते असतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडे बिस्किट दोन दिवसांत मऊ पडते. भेसळीचा प्रश्नही आहे. १९९८ साली दिल्ली आणि परिसरात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलामुळे लोक मेले, आणि त्यानंतर सुटे तेल विकण्यावर निर्बंध आले. एक रुपयाच्या पुडीचेही तसेच. तमिळनाडूत शाम्पूची पुडी निघाली आणि ऐंशीच्या दशकात ती देशभर पसरली, तेव्हा रोजंदारीवरच्या बाईला पहिल्यांदा शाम्पू परवडला. शंभर रुपयांची बाटली एकदम घेणे तिच्या हातात नसते. गरिबाची सोय आणि गरिबाच्याच दारातला कचरा, दोन्ही त्या पुडीत आहेत. म्हणून पुडीच नको म्हणण्यापेक्षा पुडी एकाच जातीच्या प्लास्टिकची करा, हे म्हणणे अधिक न्यायाचे आहे. एका जातीची पाकिटे बनवणे आता शक्य आहे. थोडे महाग पडते, म्हणून टाळले जाते.

कायदे आहेत, आणि सीमेवर तीन आहेत

आपण कर्नाटकात, उदगीर-देवणी महाराष्ट्रात, नारायणखेड-जहिराबाद तेलंगणात. आपल्या बाजारात माल तिन्हीकडून येतो. कर्नाटक सरकारने ११ मार्च २०१६ रोजी प्लास्टिकच्या कॅरीबॅग, ताटल्या, पेले, चमचे, फ्लेक्स यांवर बंदी घातली. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड आणि तीन महिने कैद. पुढे केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकण्याच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्यात प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, काड्या आहेत, आणि मिठाईच्या खोक्यावर व लग्नपत्रिकेवर गुंडाळतात ती पातळ पन्नीही आहे. कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. तेव्हा "हा माल पलीकडच्या राज्यात चालतो" ही सबब आता उरलेली नाही. तरीही बाजाराच्या दिवशी शंभर पावले चाला, आणि किती पातळ पिशव्या दिसतात ते मोजा.

पाकिटांवर मात्र बंदी नाही. तिथे दुसरी रीत आहे. जो वेष्टन बाजारात आणतो, त्याने तेवढ्याच वजनाचे वेष्टन गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची. २०१६ च्या नियमांत ही जबाबदारी ठळकपणे आली आणि १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तिला आकडे मिळाले. २०२५-२६ पासून नव्या वेष्टनात जुने प्लास्टिक किती असावे हेही ठरले आहे. बाटल्या-डब्यांसारख्या टणक वेष्टनात ३० टक्के, पिशव्यांत १० टक्के, थरांच्या पाकिटांत ५ टक्के. टणक वेष्टनासाठी हे प्रमाण २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर न्यायचे आहे.

हिशेबाच्या दृष्टीने ही रीत आम्हाला पटते. दहा रुपयांच्या पुड्यात वेष्टनाची किंमत आपण दिलेलीच असते. पण पुडा रिकामा झाल्यानंतरचा खर्च कुठे पडतो? झाडणाऱ्या पौरकामगाराच्या पाठीवर. तुंबलेल्या गटारावर. उकिरड्यातून शेणखताबरोबर शेतात गेलेल्या पन्न्यांवर, ज्या आपल्या काळ्या मातीत कुजत नाहीत आणि दरवर्षी नांगराच्या फाळाला गुंडाळून वर येतात. गाईच्या पोटावर. हा सारा खर्च आजवर आपल्या नावे पडला आणि नफा दुसऱ्याच्या खाती जमा झाला. नवी रीत म्हणते की नोंद दुरुस्त करा. ही मागणी योग्यच आहे.

पण नोंद कागदावर आणि व्यवहार हवेत, असेही झाले. गोळा केल्याची प्रमाणपत्रे कंपन्यांना विकत मिळतात. काही प्रक्रिया करणाऱ्यांनी अशी लाखो प्रमाणपत्रे खोटीच तयार केल्याचे २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत उघड झाले. आमच्या बँकेत एक खोटे व्हाउचर सापडले तर कारकुनाची नोकरी जाते. शिवाय नियमात वजन मोजतात, गाव मोजत नाहीत. कंपनीने मोठ्या शहरात चार गाड्या पाकिटे गोळा केली की तिचा हिशेब जुळला. भालकीच्या बाजारात विकलेले पाकीट भालकीतच पडून राहिले, तरी ताळेबंद बरोबर! छोट्या गावांचा हा तोटा कोणी मांडत नाही. तो आपण मांडला पाहिजे.

मराठी मुलखातले दोन धडे

हे सारे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे मानू नका. सिंधुदुर्गातले वेंगुर्ले घ्या. २०११ च्या जनगणनेत वस्ती सुमारे १२ हजार. आपल्या भालकीची तेव्हाच सुमारे ४० हजार. तिथल्या नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरातच कचरा वेगळा करून घ्यायला सुरुवात केली. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस, सुक्याची वर्गवारी करून विक्री, आणि ज्याला लेवाल नाही त्या प्लास्टिकचे बारीक तुकडे करून डांबरी रस्त्यात. ही रस्त्याची पद्धत मदुराईच्या त्यागराजर इंजिनीअरिंग कॉलेजातले प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी काढली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. वेंगुर्ल्यात तर पूर्वी नाक धरून जावे लागे, तो कचरा डेपो बघायला बाहेरगावची माणसे येऊ लागली.

दुसरा धडा पुण्याचा. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायांची ती संघटना. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करू लागली. या बायांनी २०१३ च्या सुमारास एक धाडस केले. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन उघड्या हातांनी वेगळे करावे लागतात म्हणून ते पाकिटांत भरून बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले. तुमचा माल, तुम्हीच बघा! पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत असे कलम आले की प्रत्येक नॅपकिनबरोबर तो गुंडाळून टाकण्यासाठी कंपनीने वेष्टन द्यावे. इथे नवे वेष्टन वाढवायला सांगितले, कारण त्यामुळे माणसाच्या हाताला घाण लागणार नव्हती. वेष्टन चांगले की वाईट हे ते कोणाच्या उपयोगी पडते यावर ठरते, हे त्या बायांनी दाखवून दिले.

आता आमचीच एक चूक

बंधू-भगिनींनो, इतका वेळ दुसऱ्यांचे हिशेब तपासले. आता आमच्या खात्यावरची एक नोंद वाचून दाखवतो.

बचत गटांचे काम आपल्या जिल्ह्याला नवे नाही. बिदर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे गटांचे काम एकेकाळी देशभर नावाजले गेले. बंदीच्या आधीची, साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्यातल्या एका गावच्या बारा बायांचा गट आमच्या शाखेत आला. पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावण्यात त्या तरबेज. त्यांना पत्रावळी-द्रोण दाबण्याचे यंत्र घ्यायचे होते. कर्ज मंजूर झाले, कागद आम्हीच केले. पहिले दोन लग्नसराईचे हंगाम बरे गेले. मग थर्माकोलच्या ताटल्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, हलक्या, पत्रावळीपेक्षा स्वस्त. एका पावसाळ्यात बायांच्या घरी साठवलेल्या मालाला बुरशी लागली. हप्ते थकले. नोटीस काढायची वेळ आली, ती आम्हीच टाइप केली.

नोटीस मिळाल्यावर गटाची अध्यक्ष असलेली बाई शाखेत आली. हातात गठ्ठा. म्हणाली, "साहेब, तुमच्या घरी लगीन हाय म्हणं. पैका न्हाई आत्ता. पाचशे पत्रावळ्या आणून देते, हप्त्यात धरा की." आम्ही हसलो. बँक माल घेत नाही, रोख लागते, असे नियमाप्रमाणे सांगितले. ते बरोबरच होते. पण नियमाने आम्हाला आमच्या खिशातून पाचशे पत्रावळ्या विकत घ्यायला कुठे मनाई केली होती? आमच्या पुतणीच्या लग्नाला थर्माकोलच्या ताटल्या आधीच सांगून झाल्या होत्या. वाढपी म्हणाला होता, "सोयीचे पडते." जेवणावळी उठल्यावर त्या ताटल्या मंडपामागच्या ओढ्यात गेल्या. पहिल्या पावसाला पुलाखाली अडकलेल्या आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिल्या.

त्या बायांनी ऊसतोडीला जाऊन पै न् पै फेडली. यंत्र भंगारात गेले. आणि नंतर, २०१६ मध्ये, ज्या ताटल्यांनी त्यांचा धंदा बसवला त्यांच्यावर सरकारने बंदी आणली. कायदा आला, पण ज्यांच्या उपयोगाचा होता त्या तोवर उठून गेल्या होत्या. चांगले वेष्टन, चांगली पत्रावळ नुसती तयार करून चालत नाही. तिला आधी गिऱ्हाईक लागते. कर्ज देणाऱ्याने हे बघायला हवे होते, आणि लग्न करणाऱ्यानेही. आम्ही दोन्ही होतो.

आपल्याकडे काय होऊ शकते

पळस आहे, तुराट्या आहेत, आणि ऊस आहे. आपल्या तालुक्यात हुणजीचा महात्मा गांधी आणि जिल्ह्यात इमामपूरचा नारंजा असे सहकारी साखर कारखाने शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून उभे राहिले. उसाच्या चिपाडाचा लगदा करून त्याच्या ताटल्या, डबे दाबता येतात. देशात असा माल बनतो आहे. चिपाड जळणालाही लागते, त्यामुळे हिशेब काळजीपूर्वक मांडावा लागेल. पण सभासदांनी सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारायला काय हरकत आहे? तागाच्या पोत्यांचा तर कायदाच आहे. १९८७ च्या कायद्याखाली केंद्र सरकार प्रमाण ठरवते. अलीकडच्या वर्षांत ते धान्याला १०० टक्के आणि साखरेला २० टक्के असे राहिले आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती डाळ तागाच्या नाहीतर कापडाच्या छोट्या पिशवीत विकली तर पिशवीही घरात राहील आणि नावही राहील.

मात्र तीन ठिकाणी फसगत होते, ती सांगतो. एक, कागदी कप. तो नुसता कागद नसतो, आत प्लास्टिकचे अस्तर असते, म्हणूनच तो गळत नाही आणि म्हणूनच चाचांनी घेतला नाही. खरगपूरच्या आयआयटीने २०२० मध्ये केलेल्या अभ्यासात १०० मिलिलिटर गरम पेय अशा कपात पंधरा मिनिटे ठेवले तर सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिककण त्यात उतरतात असे दिसले. चकचकीत चंदेरी पत्रावळीचीही तीच गत. दोन, रद्दीचा पुडा. आपल्याला त्याची आठवण गोड वाटते, पण छपाईची शाई भज्याबरोबर पोटात जाते. अन्न गुंडाळायला वर्तमानपत्र वापरू नये असा २०१८ चा नियम आहे आणि तो योग्य आहे. जुने ते सारे सोने नसते. तीन, "कुजणारी" पिशवी. ती कुजायला मोठ्या खत प्रकल्पातली उष्णता लागते. आपल्या गटारात ती साध्या पन्नीसारखीच पडून राहील.

शेवटी जे उरेल, त्याचे काय? कलबुर्गी जिल्ह्यात वाडी, मळखेड, सेडम येथे मोठे सिमेंट कारखाने आहेत. सिमेंटच्या भट्टीत १४०० अंशांच्या वर उष्णता असते. थरांची पाकिटे तिथे कोळशाच्या जोडीला जाळता येतात आणि राखही सिमेंटमध्येच जाते. बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग २०१७ साली सुरू झाला आहे. पुरसभेने पाकिटे वेगळी करून गाठी बांधल्या तर पाठवणे अवघड नाही. पण जाळणे हा शेवटचा उपाय आहे. ज्या कंपनीचे पाकीट, तिनेच गाठीचे भाडे दिले पाहिजे.

अनामतीची रीतही परत आणता येते. जर्मनीत २००३ पासून पेयाच्या बाटलीमागे २५ सेंट ठेवून घेतात. परदेशाचे राहू द्या, तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून दारूच्या बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन बाटली परत आणली की देतात. डोंगरातल्या काचा त्यामुळे उचलल्या जाऊ लागल्या. पिणाऱ्याला शुद्ध नसली तरी दहा रुपये कोणीतरी उचलतोच!

पाकिटावरची भाषा

एक मुद्दा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. वेष्टित मालावर वजन, किंमत, तारीख देवनागरी हिंदीत किंवा इंग्रजीत असली की कायदा पुरा होतो. आपल्या आयाबायांना कानडी वा मराठी वाचता येते, इंग्रजी नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर प्रादेशिक भाषा असावी असा नियम आहे, पण अक्षर मुंगीएवढे. लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, हे किती घरांत माहीत आहे? अशा रिकाम्या बाटलीत रॉकेल किंवा तेल ठेवलेले आम्ही पाहिले आहे. पुनर्वापर चांगला, पण हा पुनर्वापर जीव घेईल. विषाची बाटली तीनदा धुऊन, भोक पाडून निकामी केलीच पाहिजे. आपण भाषेसाठी भांडतो, तर या अक्षरांसाठीही भांडू. आणि कानडी शेजाऱ्याला बरोबर घेऊन भांडू, कारण बाटली दोघांच्याही घरात आहे.

आपल्या तालुक्यात खानापूरचा मैलार आहे. तो त्यांचा मल्लण्णा, आपला खंडोबा. भंडारा दोन्ही भाषांत उधळला जातो. पण हल्ली तो पन्नीच्या पुडीत मिळतो, आणि यात्रा उठल्यावर पिवळ्या पुड्यांचा सडा उरतो. वाघ्याच्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी पूर्वीपासून आहे. भक्ताने घरून कापडाची पिशवी आणावी आणि दुकानदाराने मापाने भंडारा द्यावा, एवढे तर आपण यंदाच करू शकतो.

बैठकीपुढे ठराव

अध्यक्ष महोदय, पुढील ठराव आम्ही बैठकीपुढे ठेवत आहोत.

१. मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात थर्माकोल, प्लास्टिकच्या ताटल्या, कागदी कप आणि फ्लेक्स वापरला जाणार नाही. स्टीलची ताटे-पेले मंडळाने विकत घ्यावेत आणि सभासदांना अनामतीवर द्यावेत.

२. लेवाल नसलेली पाकिटे वेगळी गोळा करावीत आणि त्यांचा खर्च संबंधित कंपन्यांकडून मिळवण्यासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठपुरावा करावा, असे निवेदन पुरसभेला कानडी आणि मराठी दोन्ही भाषांत द्यावे.

३. दुधाच्या पिशव्या, बाटल्या आणि पुठ्ठा थेट भंगारवाल्यांना द्यावा. त्यांना ओळखपत्र आणि बसायला जागा मिळावी अशी मागणी करावी.

४. मैलारच्या यात्रेआधी दुकानदारांची बैठक घ्यावी.

पाचवे कलम ठरावाचे नाही, वहीचे आहे. त्या गावातल्या दोन बाया अजूनही हाताने पत्रावळ्या लावतात. यंत्र नाही, पण हात आहेत. आम्ही त्यांना भेटून आलो. त्या म्हणाल्या, "मागणी लिहून द्या, आगाऊ थोडे पैसे द्या, मग बाकीच्या बायांना बोलावतो." त्यांचे म्हणणे कोणत्याही बँकेला पटेल असेच आहे. म्हणून दारापाशी टेबलावर एक वही ठेवली आहे. येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी नाव, तारीख आणि पत्रावळ्यांची संख्या लिहावी, आणि चौथा हिस्सा रक्कम आज जमा करावी. पावती मिळेल. माल वेळेवर आला नाही तर रक्कम परत करण्याची जबाबदारी आम्ही घेतो.

पहिल्या ओळीवर आमचे नाव आहे. पाचशे पत्रावळ्या. ही मागणी पंधरा वर्षांपूर्वीच लिहायला हवी होती.

चहा स्टीलच्या पेल्यांतून येतो आहे. पेला तेवढा परत करावा, ही विनंती.